पाय मागे घेणाऱ्यांची बाजू

परदेशी निघालेल्याचा आपल्याकडे सत्कार होतो. शाल, नारळ, समाजाच्या अंकात सपत्नीक फोटो आणि खाली ओळ, 'गावाचे नाव सातासमुद्रापार'. सगळी कागदं हातात येऊनही जो शेवटी जात नाही, त्याच्या वाट्याला मात्र चौकशी येते. 'व्हिसा नाकारला असेल.' 'बायको तयार नसेल.' 'भरलेले पैसे बुडाले म्हणे.' जळगाव-धुळ्याकडे कुठल्याही लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टीच्या दोन घासांमध्ये ही वाक्यं ऐकायला मिळतात. मी या न गेलेल्या माणसाच्या बाजूने लिहितो आहे. बायको-मुलांसह देश सोडायचा ठरवल्यावर मन मागेपुढे होत असेल, तर त्याला कच खाणं म्हणू नये. ते देश आज ज्या रीतीने दारं अर्धी उघडून उभे आहेत ते पाहता, ज्याचं मन मागेपुढे होत नाही त्याचीच काळजी वाटायला हवी.

एकट्या पोराने पंचविशीत खुशाल जावं. दोन पैसे कमवावेत, जग पाहावं, जमलं तर राहावं, नाही तर परतावं. त्यात गमावण्यासारखं फारसं नसतं. प्रश्न आहे तो चाळिशीच्या आसपासचा नवरा, नोकरी करणारी बायको, पाचवी-सातवीतली मुलं आणि गावी सत्तरीचे आई-वडील, असं घर मुळासकट उचलण्याचा. पगार एकाचा वाढतो आणि आयुष्यं पाच-सहा जणांची हलतात. हिशेब मात्र त्या एका पगाराचा मांडला जातो, तोही डॉलरला रुपयाने गुणून. तिथलं घरभाडं, पाळणाघर, दवाखान्याचा विमा यांना कोणी गुणत बसत नाही.

माझा धंदा वकिलीचा, त्यातही कोर्टापेक्षा कागदपत्रांचा जास्त. वाटणीपत्र, हक्कसोड, मुखत्यारपत्र. परदेशी निघालेली कुटुंबं माझ्याकडे येतात तेव्हा बाकी सगळं ठरलेलं असतं, फक्त जमिनीचं राहिलेलं असतं. यावल तालुक्यातलं एक जोडपं असंच आलं. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, ती तिथेच अनुदानित शाळेत शिक्षिका, अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर लागलेला. बापाच्या हयातीतच भावाभावांत वाटणी झालेली, त्याच्या वाट्याला केळीखालचं चार एकर. ते विकायचं आणि तिकडे घराचं डाउन पेमेंट करायचं, असा बेत. सोबत त्याची आई आली होती. सगळं बोलणं होईस्तोवर ती खुर्चीच्या कडेला, मांडीवर पिशवी घेऊन बसून होती. शेवटी एवढंच म्हणाली, "जाय बापा, पन वावर इकू नको." मुलगा हसला. "माय, पैसा असला की वावर कधीबी घेता येतं."

नाही घेता येत. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला परकीय चलनाच्या कायद्याखालच्या नियमांनुसार शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, असलेली विकता येते, नव्याने खरेदी करता येत नाही. पुढे तिकडचं नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) काढलं तरी ही मनाई कायमच. त्यात महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा मुळात शेतकरी असावा लागतो. शेवटचा गुंठा विकून गेलेला माणूस उद्या परत आला, तर आपण कधीकाळी शेतकरी होतो हे सिद्ध करायला त्याला जुने सातबारे आणि फेरफार गोळा करत तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. नोकरी पुन्हा मिळू शकते, पुण्यात फ्लॅट पुन्हा घेता येतो. वावराचं तसं नाही. एजंट लोक हॉटेलात सेमिनार घेतात, चहा-समोशासकट, तिथे ही गोष्ट कोणी सांगत नाही. सांगणार तरी कशाला?

जमीन हे फक्त सर्वांत ढळढळीत उदाहरण झालं. खरी गोम अशी आहे की तिकडून मिळतं ते बहुधा तात्पुरतं असतं आणि त्यासाठी इथे मोडलं जातं ते कायमचं.

अमेरिकेचंच घ्या. तिथल्या कंपनीत नोकरीसाठी मिळणारा एच-१बी व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून सहा. ग्रीन कार्डासाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, कंपनीने केलेला अर्ज मंजूर झाला तर सहाच्या पुढेही मुदत वाढत राहते, म्हणून माणसं वर्षानुवर्षं तिथे दिसतात, पण असतात ती पाहुणी म्हणूनच. नोकरी गेली तर फार तर ६० दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधायची, नाही तर मुलांचं नाव अर्ध्या वर्षात शाळेतून काढून निघायचं. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि त्यात कुठल्याही एका देशाचा वाटा ७ टक्क्यांचा, मग तो देश आइसलँड असो की भारत. परिणाम असा की २०२५ संपत आलं तेव्हा भारतीयांच्या दोन मुख्य वर्गांत २०१३ मध्ये रांगेत लागलेल्यांचा नंबर चालू होता. म्हणजे आज उभं राहिलं की बारा वर्षांनी नंबर येईल, असंही कोणी समजू नये. २०१३ नंतर रांगेत शिरलेले सगळे त्याच्या पुढे आहेत, आणि ते फार आहेत.

या रांगेत आता मुलं उभी करून पाहा. आई-बापाच्या व्हिसावर नेलेलं मूल २१ वर्षांचं झालं की कायद्याच्या लेखी त्यांच्यावर अवलंबून राहत नाही. वयाच्या हिशेबात थोडीफार सूट मिळते, पण ढोबळ नियम हाच. तोवर ग्रीन कार्ड आलं नसेल तर त्याने स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढावा किंवा देश सोडावा. समजा थोरली मुलगी जळगावात जन्मलेली, नऊ वर्षांची असताना नेली. तिकडे गेल्यावर धाकटा झाला, तो जन्माने अमेरिकन. थोरली बारा वर्षं तिथल्या शाळा-कॉलेजात वाढली, मराठी वाचणं विसरली, आणि एकविसाव्या वर्षी आई-बापाच्या घरात राहायला तिला स्वतंत्र परवाना हवा. एकाच टेबलावर जेवणारी दोन भावंडं, त्यातल्या एकीच्या मुक्कामाला मुदत आणि दुसऱ्याच्या नाही. जानेवारी २०२५ मध्ये तर धाकट्यासारख्यांच्या जन्मसिद्ध नागरिकत्वावरच घाव घालणारा आदेश निघाला आणि प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मुलांच्या भवितव्यासाठी जातो, असं म्हणणाऱ्याने निदान मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाचं साल एका कागदावर लिहून पाहावं.

२० सप्टेंबर २०२५ चा शनिवार अनेकांना आठवत असेल. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावल्याची बातमी सकाळीच फोनवर आली आणि सुट्टीवर भारतात आलेल्यांना कंपन्यांनी ताबडतोब परतायला सांगितलं. पितरांचं पान वाढायचं सोडून माणसं विमानाची तिकिटं शोधत बसली. मग खुलासा झाला की शुल्क नव्या अर्जांना आहे, आधीच्या व्हिसाधारकांना नाही. घाबरगुंडी विनाकारण ठरली, ठीक आहे. पण दहा-दहा वर्षं तिकडे राहिलेल्या, घराचे हप्ते फेडणाऱ्या माणसांना एका सहीने आपलं दार बंद होईल अशी भीती वाटावी आणि ती कोणालाही वेडगळ वाटू नये, यातच सगळं आलं.

इतर देशांची तऱ्हा वेगळी, गोष्ट तीच. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना आणि मार्च २०२४ पासून वृद्धांच्या सेवेसाठी येणाऱ्या कामगारांना कुटुंब सोबत आणायची बंदी केली. राबणारे हात हवे होते, त्यांच्यामागचं घर नको होतं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया कायम वास्तव्य देतात हे मान्य, तात्पुरतेपणाचा माझा आक्षेप त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. अर्थात कॅनडाने २०२५ साठी जाहीर केलेलं ५ लाखांचं उद्दिष्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये ३ लाख ९५ हजारांवर आणलं, आणि आधीच्या आकड्यावर विसंबून इथली नोकरी सोडून बसलेल्यांचे मधल्या मधे हाल झाले.

त्या दोन देशांतली खरी अडचण म्हाताऱ्यांची. ऑस्ट्रेलियात आई-वडिलांना कायमचं नेण्याच्या साध्या व्हिसाला तीस वर्षांच्या आसपास लागतात, असं तिथलं सरकारच सांगतं. सत्तरीच्या आईसाठी तीस वर्षं. पैसे मोजून लवकर नेण्याचाही प्रकार आहे, माणशी ४० हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलरचा, आणि त्यालाही रांग आहेच. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आई-वडिलांना एका खेपेला पाच वर्षं राहता येतं, त्यासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचं संरक्षण देणारा आरोग्य विमा काढावा लागतो. विम्याचं जमेल. पण रावेरची माय टोरांटोच्या पंधराव्या मजल्यावर पाच वर्षं करणार काय, हा रकाना कुठल्याच अर्जात नसतो.

आमच्याकडे खान्देशात श्रावणात कानबाई या देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. परगावी असलेल्याचीही मूठ धरतात. रोट भाऊबंदांतच खायचा, बाहेर द्यायचा नाही. कितीतरी घरांत आता मुठी सात जणांच्या मोजल्या जातात आणि खायला असतात तिघं, त्यातही दोघं मधुमेहाचे. (मुलींची मूठ का धरत नाहीत, हा वेगळा भांडणाचा विषय आहे, तो पुन्हा केव्हातरी.)

असं लिहिलं की लोकांना वाटतं, वकीलसाहेबांना गावाचा उमाळा आला. तसं नाही. गाव सोडण्याचं खान्देशला कधीच वावडं नव्हतं. भुसावळ-सुरत रेल्वेने या भागातली लाखो माणसं सुरतेला नेली. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार अशा एकेका स्टेशनावरून पोरं पॅसेंजरने निघाली आणि लिंबायत, उधना, पांडेसराच्या वस्त्यांत जाऊन राहिली. मागावर बसली, साड्यांच्या प्रोसेस हाउसमध्ये राबली, पुढे त्यांच्यातले काही नगरसेवक झाले. पण सुरतेला जाण्याची एक रीत होती. आधी एकटा माणूस जायचा. वर्ष-दोन वर्षांनी जम बसला की बायको-मुलं. आई-बाप येऊन-जाऊन. रेशनकार्ड, मतदान, वावर गावी तसंच. मंदी आली, कारखाना बंद पडला, तर रात्रीच्या गाडीने माणूस सकाळी गावात. त्याला 'परत का आला' असं कोणी विचारत नसे, कारण परत येणं हा जाण्याचाच भाग होता. सुरतेला निघालेल्याने कधी फेरविचार केला नाही, त्याचं कारण त्याचं धाडस मोठं होतं असं नाही. त्याला एका झटक्यात काही कायमचं ठरवायचंच नव्हतं.

विमानाने जाताना ही रीत आपण विसरलो. तिकडचा नियम एकट्याला सोपा आणि कुटुंबाला अवघड असताना, आपण कुटुंब आधी उचलतो आणि जम नंतर बसवतो.

आता समोरची बाजू, कारण ती खोटी नाही. पाडळसरे धरण पुरं होण्याची वाट पाहत अमळनेर-चोपड्याकडची एक पिढी म्हातारी झाली. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला की उभी बाग उपटून बांधावर टाकावी लागते, आणि त्यातून वाचलीच तर मे-जूनच्या वादळात तयार घड आडवे होतात. इंजिनिअर झालेल्या पोराला जळगावच्या एमआयडीसीत चटई, पाइप आणि डाळमिल सोडून फारसं काही सापडत नाही. कोणत्या तोंडाने त्याला थांब म्हणायचं? बरोबर. पण ही सगळी कारणं यावल सोडण्याची आहेत, आणि यावल तर त्याने कधीच सोडलं आहे. ज्या कुटुंबांबद्दल मी बोलतो आहे ती पुण्यात, नाशकात, सुरतेत स्थिरावलेली आहेत. निर्णय घेताना ती मनात तुलना करतात गावाची आणि डॅलसची, आणि डॅलस जिंकतं. करायची तुलना पुण्याची आणि डॅलसची आहे. पुण्याची वाहतूक, पुण्याच्या शाळांच्या फिया हे सगळं धरून करा, माझी हरकत नाही. पण धरणाचा राग पुण्यातल्या नोकरीवर काढू नका.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचला. एका अशिलाच्या बायकोने तोंडावर सांगितलं, "तुम्हाला आखाजी-कानबाई आठवते, कारण तुमच्या वाट्याला फक्त जेवायला बसणं आलं." तिला कॅनडाला जायचं होतं ते सासर, दीर-जावा, येणारे-जाणारे आणि डोक्यावरचा पदर या सगळ्यापासून लांब. अशा बाईला कुटुंबसंस्थेची थोरवी सांगणं हा निव्वळ उद्धटपणा होईल. तिने जावं. मात्र तिचीच मैत्रीण अमेरिकेला निघाली असेल तर तिला एक गोष्ट माहीत हवी. एच-१बीवाल्याच्या बायकोला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर काम करण्याची परवानगी २०१५ पासून आहे, पण नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्याला मंजूर झाल्यानंतरच, सरसकट नाही. म्हणजे इथे सासूच्या हाताखाली का होईना, स्वतःचा पगार असलेली शिक्षिका तिथे पहिली काही वर्षं भाजी आणायच्या पैशांसाठीही नवऱ्याकडे पाहणार. सासुरवास टळतो आणि परावलंबन येतं. हा सौदा परवडतो की नाही ते तिनेच ठरवावं. बहुतेक घरांत तिला विचारलं जातं ते सामान किती किलो न्यायचं हे.

परतलेल्यांच्या थोर कथाही सांगितल्या जातात, विशेषतः अमळनेरात. १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. वडील वारल्यावर १९६६ मध्ये एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धं टाकून आले, आणि त्या कारखान्याची पुढे विप्रो झाली. अमळनेरात ज्यांनी शेअर सांभाळून ठेवले ते कोट्यधीश झाले. छान गोष्ट आहे, पण तिच्यावरून कोणी विमानातून उतरू नये. वारशात कारखाना असणाऱ्याचं परतणं आणि वारशात अडीच बिघे असणाऱ्याचं परतणं यांत फरक असतोच.

मग मन मागेपुढे झालेली इतकी माणसं शेवटी जातातच का? माझ्या पाहण्यात कारण बहुधा एकच असतं, सांगून बसलेले असतात. एजंटाची फी भरलेली, इंग्रजीची परीक्षा दिलेली, मनुदेवीचा नवस फेडून झालेला, ऑफिसात केक कापून झालेला. भिशीतल्या बायकांनी निरोपाची साडी दिलेली. आता नाही म्हटलं तर ती साडी परत करायची की नेसायची? हसू येईल, पण घरातल्या रात्रीच्या भांडणांत हे मुद्दे निघतात. गेलेला पैसा गेलाच, जा की राहा, तो परत येत नाही. तरीही त्या चार-पाच लाखांची लाज पुढच्या वीस वर्षांचा निर्णय घेते.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे तिकडचा पासपोर्ट घेतला की इकडचा जातो. २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. गेलेल्यांची अशी मोजदाद होते. तिकीट काढून रद्द करणाऱ्यांची कुठेच होत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं की कच खाणारे आपण एकटेच. वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत परदेशस्थ मुलांसाठी वेगळं पान असतं. व्हिसा कोणता, किती वर्षांचा, तो रकाना नसतो. मुलीच्या बापाला तो हवा असायला नको का?

त्यापेक्षा थोडी व्यवहाराची सोय व्हावी. शाळा, बँका, कंपन्यांनी वर्षभराची बिनपगारी रजा मागणाऱ्याला राजीनाम्याकडे ढकलू नये. परतलेल्या मुलाला वर्षाच्या मध्यात शाळेत घेताना त्याच्या मराठीवरून वर्गात हसू होऊ नये. आणि समाजाच्या मंडळांनी शाल-नारळ द्यायचाच असेल तर गेल्यावर पाच वर्षांनी द्यावा, तोवर सत्कारमूर्ती कुठे राहतात तेही नक्की झालेलं असेल.

यावलच्या त्या जोडप्याने मधला रस्ता काढला. तो एकटा गेला. तिने नोकरी सोडली नाही. थोरली आठवीत जाण्याआधी पुन्हा बसून ठरवायचं, असं दोघांनी कागदावर लिहून ठेवलं. वावर भावाला खंडाने दिलं. महिनाभराने त्याच्या मोठ्या काकांचा मला फोन आला. "वकीलसाहेब, पोराचं डोकं तुम्हीच फिरवलं का?" मी म्हटलं, नाना, मी फक्त नियम वाचून दाखवला. मुखत्यारपत्र झालं, खरेदीखत राहिलं, आणि माझी फी तेवढी कमी झाली.